सात नंबरचे सुजलेले पाय

कप्तान नावाच्या घोड्याचे पाय सुजले आणि त्याच्या जागी त्याचा मालक हिंदुराव कोकरे सात नंबरचा घोडा म्हणून कामावर रुजू झाला. ही गोष्ट खरी आहे. देवाशपथ खरी आहे. मी स्वतः नाक्यावर उभा राहून सगळं डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे त्या दिवसांत मी दाढेच्या दुखण्यानं घाटाखाली माझ्या मेव्हण्याकडे होतो आणि हिंदुरावानं मला यातलं अवाक्षरही सांगितलेलं नाही. पण असल्या फुटकळ अडचणींपायी माझी एकही गोष्ट आजवर अडलेली नाही.

आमचं मोरपठार हे थंड हवेचं ठिकाण. वर गाड्यांना बंदी, त्यामुळे पाहुणे पॉइंट बघायला घोड्यावरून जातात. घोडे नाक्यावर नंबरानं उभे राहतात. नंबर घोड्याचा असतो, माणसाचा नसतो; पितळी बिल्ला घोड्याच्याच गळ्यात असतो. सकाळी एखाद्या नंबराची जागा रिकामी दिसली, की तो नंबर दुसऱ्या घोड्याला जातो आणि बिननंबरी घोड्याची रवानगी घाटाखालच्या बाजारात होते. घोडा आजारी असला तर तेवढी एक सवलत आहे. त्याच्या घोडेवाल्यानं त्याच्या जागी उभं राहायचं. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. वापरायची पाळी कुणावर आली नव्हती, कारण आपला घोडा आजारी आहे हे आमच्याकडे कुणी कबूलच करत नाही.

कप्तानच्या बाबतीत कबूल केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मागचे दोन्ही पाय ढोपरापासून खुरापर्यंत खांबासारखे झाले होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. पाय टेकवताना कप्तान कान मागे टाकायचा. हिंदुरावानं तेल चोळलं, हळदीचा लेप लावला, शेवटी पायांकडे बघायचंच बंद केलं. तरी सूज उतरेना.

त्याची बायको हौसाबाई म्हणाली, "अवं, त्येला टेकवंना पाय, आन् तुमी त्येच्यावर मानसं बसवताय? रांगेत तुमीच हुबं ऱ्हावा की."

हिंदुरावाला घोडा होण्याची हौस नव्हती. पण कप्तान दुसऱ्या कुणाच्या दावणीला बांधलेला बघायची तर त्याहून नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सात नंबरच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

घोडेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष मेहबूबभाई मुजावर. मोठा काटेकोर माणूस. त्यांनी नव्या घोड्याची करतात तशी हिंदुरावाची तपासणी केली. दात पाहिले, पाठीवर हात फिरवला, वहीत रंग 'सावळा' आणि खोड 'बडबड्या' असं लिहिलं आणि बिल्ला त्याच्या गळ्यात घातला. कप्तानचं खोगीर फारच मोठं पडलं, म्हणून पाठीवर घरातली उशी बांधली. घोड्याबरोबर घोडेवाला लागतोच, तेव्हा दोरी हौसाबाईनं धरली.

पहिलं गिऱ्हाईक नाशिककडचं होतं, अंगानं भरलेलं. त्यानं उशीवर बसण्याआधी विचारलं, "चावत नाही ना हो?"

"घरात चावतोय," हौसाबाई म्हणाली. "भाईर न्हाई."

देवीच्या पॉइंटकडे जाताना एक वळण लागतं. तिथं कप्तान वर्षानुवर्षं थांबायचा आणि हिंदुराव पाहुण्यांना सांगायचा, काही नाही, नखरे करतंय, आणि छडी लावायचा. त्या वळणावर हिंदुरावाचा श्वास छातीत मावेना. मुरूम पायाखालून सरकत होता, गिऱ्हाईक मागं झुकून फोटो काढत होतं. हिंदुराव थांबला.

"काय न्हाई," हौसाबाई मागं वळून म्हणाली, "नखरं करतंय." आणि तिनं छडी लावली.

उरलेल्या चढावर हिंदुरावाला विचार करायला भरपूर सवड मिळाली. उभा जन्म घोड्याबरोबर काढला, चारचौघांत घोड्यांवर व्याख्यानं दिली, दोन जावयांना अक्कल शिकवली; आणि आपल्याला घोड्यातलं काडीचं कळत नाही हे कळायला घोडा व्हावं लागलं. त्यातही तो घोडा म्हणून बेताचाच निघाला. संध्याकाळी रांगेतली इतर जनावरं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर त्यानं सासुरवाडीला एकदा पाहिली होती.

इकडे तबेल्यात कप्तानची बडदास्त चालली होती. आजारी आहे बिचारा, म्हणून हौसाबाई भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी दुप्पट घालत होती, वर गूळ. पाय दुखायला नकोत, म्हणून त्याला जागचा हलू देत नव्हती. आमच्याकडे दुखण्यावर माया अशीच करतात. आणि जितकी माया वाढली तितकी सूज वाढली. पायांवरची कातडी तकतकीत दिसू लागली.

शेवटी घाटाखालून डॉक्टर वीणा नाचणे आल्या. त्यांनी खुरं उचलून पाहिली, पाय चाचपले, ताप मोजला, इंजेक्शन दिलं आणि मग हिंदुरावाकडे वळल्या. गळ्यातल्या बिल्ल्याबद्दल काही विचारलं नाही. सरकारी नोकरीत त्यांची बरीच वर्षं झाली होती.

"कोकरेमामा, जखम नाही, ताप नाही, हाड शाबूत आहे. तुम्ही याला खायला घालून आणि उभा ठेवून सुजवलाय. हरभरा बंद, गूळ बंद. सकाळ-संध्याकाळ पायांवर गार पाणी सोडा, पट्ट्या बांधा. आणि चालवा. ओझं नको, घाई नको, पण रोज चालवा. पाय हलल्याशिवाय त्यातलं पाणी वर सरकत नाही."

हिंदुराव म्हणाला, रजेवरचा घोडा रस्त्यावर दिसला तर तो बरा आहे असं धरतात आणि त्याच दिवशी त्याच्या पाठीवर खोगीर चढतं. बाई म्हणाल्या, औषध माझ्या खात्यात येतं, नियम येत नाही.

त्या दुपारी जांभळीखाली संघटनेची बैठक भरली. रजेवरच्या घोड्यानं चालायचं नाही, यावर सर्वांचं एकमत होतं. चालला नाही तर पाय जातील, हेही कुणी नाकारलं नाही. चहा झाला. मग मेहबूबभाईंनी विचारलं, "घोडेवाल्यानं चालण्याला कुणाची हरकत आहे का?"

हरकत कुणाचीच नव्हती. तेव्हा कप्तानला सात नंबरचा घोडेवाला नेमलं. घोडेवाल्याचं ओळखपत्र त्याच्या तोंडावरच्या मोहरकीच्या पट्ट्याला लटकवलं. हौसाबाईनं दोरी त्याच्या दातात दिली आणि माझी सुटका झाली म्हणत घरी गेली.

कप्तान घोडेवाला म्हणून चांगलाच निघाला. पाहुण्यांशी अघळपघळ गप्पा नाहीत, सूर्यास्त आज विशेष दिसेल अशा थापा नाहीत. पट्ट्या बांधलेल्या पायांनी सावकाश पुढं चालायचा. त्या वळणावर पहिल्या दिवशी तो आपणहून थांबला, हिंदुरावाचा श्वास जाग्यावर येईपर्यंत दरीकडे बघत राहिला आणि मग निघाला. छडी त्यानं बरोबर आणलीच नव्हती. हिंदुरावाला त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण पाठीवर पनवेलचं एक जोडपं होतं.

गार पाणी, पट्ट्या, आटोपशीर चंदी आणि रोजची चाल. कप्तानच्या पायांतली सूज उतरली. ढोपराखालच्या शिरा पुन्हा मोजता येतील अशा दिसू लागल्या. आणि नेमके तेव्हाच हिंदुरावाचे पाय सुजले. दिवसभर ओझं घेऊन हिंडायचं, उरलेला वेळ रांगेत उभं राहायचं. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा. त्यानं ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. ती सवयच होती. पण एका सकाळी चप्पल पायात जाईना, तेव्हा हौसाबाईनं स्वतःच जाऊन मेहबूबभाईंना सांगितलं.

पुन्हा बैठक. हिंदुराव जांभळीला टेकून उभा होता. त्यानं अर्ज केला, की कप्तान आता खणखणीत आहे, त्याला परत घोडा करा, मला परत घोडेवाला करा, आणि मिटवा.

"घोडा आजारी पडला तर काय करायचं, ते लिहिलेलं आहे," मेहबूबभाई म्हणाले. "बरा झाला तर काय, ते लिहिलेलं नाही. आज सात नंबरचा घोडा तुम्ही. तुमची जागा उद्या रिकामी दिसली तर नंबर गेला, आणि तुम्हाला घाटाखाली पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे, हिंदुराव."

हौसाबाईनं विचारलं, "ह्यास्नी कोन घील इकत?"

मेहबूबभाईंनी वही चाळली. नियम तसा एकच शिल्लक होता. घोडा आजारी असेल तर त्याच्या घोडेवाल्यानं त्याच्या जागी उभं राहायचं. पण सक्ती करता येत नव्हती; घोडेवाल्याची मर्जी. सगळे कप्तानकडे बघू लागले. कप्ताननं हिंदुरावाच्या घोट्यांकडे पाहिलं. मग एक शब्द न बोलता नाक्यावर गेला आणि सात नंबरच्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर खोगीर अगदी बरोबर बसलं.

डॉक्टरीणबाईंनी हिंदुरावाला हरभरा बंद केला आणि रोज चालायला सांगितलं. आजारी घोड्यानं घोडेवाला म्हणून चालायला आता आधार होता, त्यामुळे त्या ठरावाला वेळ लागला नाही.

आज तुम्ही मोरपठारावर आलात तर तुम्हाला वावगं काही दिसणार नाही. घोडा पाहुण्यांना नेतो, माणूस दोरी धरून पुढं चालतो. बिल्ला आणि ओळखपत्र बदलायचं तेवढं राहून गेलं, म्हणून बिल्ला माणसाच्या गळ्यात आहे आणि ओळखपत्र घोड्याच्या. वळणावर दोघं थांबतात. पाहुण्यांनी विचारलं तर हिंदुराव सांगतो, आमचे मालक इथं थांबतात.

यातलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. एका ठिकाणी मात्र मी पदरचं घातलं, ते कबूल करतो. कप्तान बैठकीत एक शब्द बोलला नाही, ते खोटं. निघण्याआधी तो मेहबूबभाईंच्या जवळ गेला आणि हिंदुरावाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "जनावर गरीब आहे. राहू द्या."