दगाजीनानांचे पाहुणे

धुळ्यात आमच्या गल्लीत पाहुणा उतरला की तो ज्याच्याकडे आला त्याचा राहत नसे, दगाजीनानांचा होई. पिशवी ओसरीवर टेकते न टेकते तोच शेजारचे नाना हजर. “चाला पाव्हना! पहिले घोडा, मंग घास!”

नानांच्या मते धुळ्यात पाहण्यासारख्या गोष्टी दोनच: घोडे आणि खानावळी. आधी नालबंदाच्या दुकानी, घोडा कसा शहाण्यासारखा पाय पुढे करतो ते पाहायला. मग पांझरा नदीच्या वाळूत वरातीच्या घोडीची नाचाची तालीम. घोडी थबकली की नाना स्वतः दोन पावलं नाचून दाखवत. शेवटी सखूबाईच्या खानावळीत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की नानांना तो अपमान वाटे. गंमत म्हणजे नाना जन्मात एकदाच घोड्यावर बसले, स्वतःच्या वरातीत, आणि तेही डोळे गच्च मिटून! असा हौशी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण माझ्या धाकट्या बहिणीला, चंपाला, पाहायला पाचोऱ्याहून मंडळी यायची होती, तेव्हा मात्र नानांनी कहर केला. मुलगा आणि त्याचे वडील यांना त्यांनी स्टेशनवरच गाठलं. आमच्याकडे पोहे वाळून कडकडीत झाले, वडिलांनी अंगणात शंभर येरझारा घातल्या. मंडळी उगवली दिवेलागणीला, ढेकर देत. पोह्यांची बशी पाहताच मुलाच्या वडिलांनी पोटावर हात ठेवून माफी मागितली.

आईने नानांना स्वयंपाकघरात बोलावलं. मी दाराशीच होतो.

“नाना, मनी पोरनं लगीन मोडानं शे का तुम्हले?”

“आक्का, पोऱ्या चांगला शे,” नाना हळूच म्हणाले. “टांगानी घोडीले पानी पाजं, मंग सोता पिना. सखूबाईकडथीन ताक सांडनं त्याना धोतरवर. बाप तिले बोलाले लागना, तं त्यानीच बापले गप करं.”

“हाई पाहाले दिनभर हिंडाडं?”

नाना जमिनीकडे पाहत राहिले. “मनी सुभीना टाइमले मी मळा पाहा, वाडा पाहा. मानूस पाहाच नही.”

सुभी म्हणजे नानांची एकुलती एक मुलगी. सासरी तिचे फार हाल झाले. माहेरी आणली ती शेवटच्या दुखण्यात. त्यानंतर नानांच्या तोंडून तिचं नाव मी त्या दिवशीच ऐकलं.

आईने आत जाऊन चंपाचा पदर सारखा केला, तिला पुढे आणलं आणि म्हणाली, “नाना, पोरले तुम्हीच बाहेर लई चाला.”

नानांनी टोपी नीट केली. चंपाचा हात धरला, आणि एवढा बडबड्या माणूस ओसरीपर्यंत एक शब्द बोलला नाही.