तिसरा पर्याय

बेचाळीस रकान्यांचा फॉर्म हाताने भरायला मी काय कारकून आहे, असा विचार त्या रविवारी सकाळी माझ्या मनात आला आणि तिथूनच सगळं बिघडलं. (बायकोच्या मते मी कारकूनच आहे. फक्त पगार कारकुनाएवढा नाही, असं ती म्हणते.)

फॉर्म माझ्या मेहुण्याच्या लग्नाचा होता. मेहुण्याचं नाव कुलदीप. वय बत्तीस, राहणार भातकुली, बारा एकर काळी जमीन, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. आणि सतरा स्थळांकडून नकार. पोरगा कुणाला नापसंत पडला असं एकदाही झालं नाही. नापसंत पडायची ती त्याची शेती. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षीपासून तर मुलींचे बाप घरी येण्याचेही कष्ट घेईनात, फोनवरच "कळवतो" म्हणायला लागले. लोकांना जमीन असलेला जावई पाहिजे असतो, पण जमिनीत पाय टाकणारा नको असतो. सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली. घरात सासरे रामराव आणि कुलदीप असे दोनच पुरुष, आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक कुलदीप करतो. हे लग्न जमलं नाही तर त्या घरात बाप-लेक एकमेकांकडे पाहत म्हातारे होणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आता माझं काम सांगतो. अमरावतीत सात माणसांची एक कंपनी आहे, तिथे मी वेबसाइट तपासतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधतो. अकोल्याच्या मनकर्णाबाईंनी आपल्या वधू-वर मंडळाची वेबसाइट आमच्याकडून करून घेतली होती. ती तपासायला मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. बटण दाबलं की ब्राउझर आपोआप उघडतो, नाव आपोआप टाइप होतं, बाणावर टिचकी पडते, पर्यायांची यादी खाली उघडते आणि त्यातला एक पर्याय निवडला जातो. असे दोनशे खोटे नवरदेव मी या मशीनकडून भरून घेतले होते. (खऱ्या नवरदेवापेक्षा त्यांची स्थळं बरी होती.)

यादीतला पर्याय निवडायचा तर मशीनला दोन प्रकारे सांगता येतं. एक तर त्याचं नाव सांगायचं, नाहीतर त्याचा क्रमांक. नाव सांगायचं तर 'शेती' असं लिहावं लागतं. क्रमांकाला नुसता तीनचा आकडा पुरतो. व्यवसायाच्या यादीत खाजगी नोकरी पहिली, दुकानदारी दुसरी आणि शेती तिसरी होती. मी जन्माचा आळशी. तीन लिहून मोकळा झालो. त्या रविवारी कुलदीपचा फॉर्म याच वेबसाइटवर, याच मशीनकडून भरायचा ठरवला.

"तुमी हातानं भरून राहिले ना?" रागिणीने स्वयंपाकघरातून विचारलं. "माह्या भावाच्या जिंदगीचा सवाल आहे."

"हातापेक्षा मशीन अचूक असतं."

"मागच्या दिवाळीत याच अचूक मशीननं गॅसचे तीन सिलिंडर बुक केल्ते."

"ती चाचणी होती गं."

"अन् हे?"

मी बटण दाबलं. चार सेकंदांत फॉर्म भरला, फोटो चढला, हिरवी खूण आली. मी रागिणीला बोलावून फोटो दाखवला. फोटोच्या खाली काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही आणि मीही वाचलं नाही. हिरवी खूण आल्यावर वाचायचं कशाला? नऊ वर्षं मी याच सिद्धांतावर पगार घेतोय.

सोमवारी संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. आवाज इतका मोठा होता की फोनची गरज नव्हती.

"जवाईबापू, तुमच्या मशीननं त कमाल केली! सकाळपासून अकरा फोन आले! तिवस्याहून दोन, अकोल्याहून पाच!"

"काय विचारतात?"

"कोनी काहीच नाही विचारत! फक्त म्हणतात, कधी येऊ?"

त्या रात्री रागिणीने मी न मागता ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढली. माझी छाती फुगली. यातलं काहीही चुकीचं असू शकेल अशी शंका मला आली नाही. चुका शोधायचा पगार मला फक्त सोमवार ते शनिवारच्या कामाचा मिळतो आणि हा फॉर्म रविवारचा होता.

अकरांपैकी अकोल्याचे वामनराव सगळ्यांत घाईचे निघाले. म्हणाले, आधी मी घर पाहतो, मग पोरगी पाहायला तुम्ही अकोल्याला या. गुरुवारी ते भातकुलीला आले. रजा टाकून मी आणि रागिणीही आधीच जाऊन बसलो होतो. कुलदीपने पहाटे उठून कोथिंबिरीचं सारण भरून सांभारवडी केली होती. नवा सदरा घालून तो पाहुण्यांसमोर बसला. सासरे दारातल्या पायरीपासून हसत होते.

"पोस्टिंग कुठं हाय?" वामनरावांनी विचारलं.

कुलदीपला वाटलं, शहरातले लोक असंच बोलत असतील. "अथीच. घरापासून दोन किलोमीटर."

"वा! बदलीगिदली?"

"आमची कायची बदली? आबाही तथंच होते, मीबी तथंच."

"म्हणजे वडिलांच्या जागेवर लागले?"

"हाओ. त्यायचे गुडघे गेले तवापासून."

"वरची कमाई?"

कुलदीपने मान खाली घातली. "गेल्या साली काहीच नाही हाती आलं. सगळं अळीनं खाल्लं."

वामनराव एकदम गंभीर झाले. "अळी? कोन्या खात्यात हाय तुमी?"

आता मात्र मी खुर्ची पुढे ओढली. वामनरावांच्या हातात वेबसाइटवरून छापून आणलेला कागद होता. मी वाकून वाचलं. कुलदीप रामराव, वय बत्तीस. व्यवसाय: सरकारी नोकरी.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने अंगणात गेलो आणि नईमला फोन लावला. वेबसाइट त्याने बनवली होती.

"नईम, व्यवसायाची यादी बदललीस का?"

"शनिवारीच बदलली ना. मनकर्णाबाई बोलल्या, शेती सबसे नीचे टाक. वर दिसली की पोरीवाले साइटच बंद करून टाकतात. शेती गेली खाली, सरकारी नोकरी तिसरी आली. तुले सांगतलं होतं मी, तू हाओ बी म्हटलं."

"अरे, पण मग तू तपासलं का नाहीस?"

"ते तुयं काम आहे बे."

मी आत आलो. सासरे अजून हसत होते. रागिणी दारातून माझ्याकडे पाहत होती आणि माझा चेहरा पाहून तिला सगळं कळलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला. खोटं बोलून निभावता आलं असतं तर मी निभावलं असतं, पण तेवढी हुशारी माझ्यात नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की यादी उघडते, पर्याय नावाने निवडायचा असतो, मी क्रमांकाने निवडला, आणि शेती खाली सरकली.

"हे सब जाऊ द्या," वामनराव म्हणाले. "पोरगा करते काय?"

"शेती," कुलदीपनेच सांगितलं.

"अन् तुमी काय करता?"

"मी... चुका शोधतो."

"कोनाच्या?"

"दुसऱ्यांच्या."

वामनरावांनी कागदाची घडी केली. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "रामराव, पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय. पन मीबी शेतकरीच हावो. म्हणूनच माही पोरगी जमुना शेतकऱ्याले नाही देत." आणि ताटलीतली सांभारवडी तशीच टाकून ते निघून गेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरे खुर्चीत बसून राहिले आणि किती तरी वेळ ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, जणू ते काढायचं कसं हेच त्यांना आठवत नव्हतं. कुलदीपने ताटली माझ्यापुढे सरकवली.

"खा, भाऊजी. थंड्या होऊन राहिल्या." त्याने मला एक शिवी दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

घरी आल्यावर मी फॉर्म दुरुस्त केला. हाताने. यादीत खाली जाऊन 'शेती' हा शब्द वाचून, निवडून. त्याच दिवसापासून सासऱ्यांचा फोन वाजायचा बंद झाला. रागिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. चहा समोर यायचा, डबा भरलेला असायचा, पण शब्द एक नाही.

आठवडा गेला आणि एका सकाळी माझा फोन वाजला. पडद्यावर नाव वामनरावांचं. मी घाईघाईने स्पीकर लावला. रागिणीने गॅस बंद केला आणि येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"जवाईबापू," वामनराव म्हणाले, "त्या दिवशी मी जरा तडकाफडकी उठलो."

"नाही नाही, चूक माझीच होती."

"घरी गेलो, मालकिणीले सगळं सांगतलं. इच्यार करून करून तिनंच म्हटलं, फोन लावा त्यायले."

रागिणीचा हात माझ्या खांद्यावर आला. मला वाटलं, देव आहे.

"बोला ना, वामनराव."

"आमच्या जमुनाच्या वरती एक पोरगा हाय. माणिक. चौतीसचा झाला. शेतीच करते. त्याचा फॉर्म भरून पाह्यजे होता."

खांद्यावरचा हात जड झाला. मी म्हणालो, "भरून देतो. या वेळी मशीन नाही. हाताने, एकेक रकाना वाचून, अगदी नीट..."

"नीट नका भरू बापा!" वामनराव जवळजवळ ओरडलेच. "कुलदीपचा भरला होता ना, तसाच भरा!"

मी वळून रागिणीकडे पाहिलं. तिने खांद्यावरचा हात काढून घेतला, गॅस पुन्हा पेटवला, आणि माझ्याकडे पाठ करून इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"द्या भरून. तेवढंच त बरोबर येते तुमाले."