दोन्ही बाजूंची भूल

“आ कर,” डॉक्टर म्हणाले, आणि भाच्यानं आ केला. तिथंच त्याचं चुकलं.

दातांच्या डॉक्टरपुढे आ केलेला माणूस ऐकू शकतो, बोलू शकत नाही, आणि या डॉक्टरांना सध्या नेमका असाच माणूस लागत होता. कॉलेजची बास्केटबॉल टीम ओळीनं पाच मॅच हरली होती. सीझन अर्धा उरकला होता आणि टीम खालून पहिली होती. घरात हा विषय काढायला बायकोनं बंदी घातलेली, मित्र फोन उचलेनासे झालेले. राहता राहिले पेशंट. गेल्या काही दिवसांत ज्या कुणाची दाढ ठणकली, त्याला दाढेबरोबर टीमचं दुखणंही सोसावं लागलं. एक शिक्षिका तर अर्धवट भरलेला दात तसाच घेऊन दुसऱ्या दवाखान्यात निघून गेल्या होत्या.

आज खुर्चीत खुद्द टीमचा सेंटर होता. डॉक्टरांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बास्केटखाली उभा राहून नुसता हात वर केला की बॉल उतरवून घ्यायचा, म्हणून सगळं कॉलेज त्याला शिडी म्हणायचं. खुर्ची पार आडवी केली तरी त्याचे पाय पुढे दाराच्या पडद्यापर्यंत गेले होते, आणि येणारा जाणारा त्यांना अडखळत होता.

“मामा, फक्त ठणका थांबव,” आ करण्याआधी तो म्हणाला होता. “उजवीकडची मागची दाढ. तासाभरानं मॅच आहे. आज हरलो तर कोच मला उरलेला सीझन बाकावर बसवणार आहेत. तोंडावर सांगितलंय.”

“बसवू देत तर खरं,” असं म्हणून डॉक्टरांनी सुईत भुलीचं औषध भरलं. “पण शिडी, तुमचं दुखणं काय आहे सांगू का? डावी बाजू. तुमची डावी बाजू सताड उघडी आहे. आओ जाओ घर तुम्हारा. समोरचा प्रत्येक जण येतो तो डावीकडनं, जातो तो डावीकडनं. मी इतके दिवस कानीकपाळी ओरडतोय, डावीकडे बघा, डावीकडे बघा.”

बोलता बोलता सुई आत गेली. डावीकडे.

“आं आं,” भाचा म्हणाला.

“पटतंय ना?”

“आं आं आं.”

“अरे पटणारच. पण कोचना कोण सांगणार?”

पाचेक मिनिटांनी डॉक्टरांनी मशीन उजव्या दाढेला लावलं, तेव्हा शिडी खुर्चीतून असा उठला की वरचा दिवा कपाळावर आपटून गरागरा फिरला. मग डॉक्टरांच्या डोक्यातही प्रकाश पडला. गुपचूप त्यांनी दुसरी सुई भरली.

शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको एका वकिलांच्या कवळीचं माप घेत होती. तीही दातांचीच डॉक्टर. दोघं एकाच वर्गात शिकलेली, आणि पहिला नंबर कुणाचा यायचा हे घरात कुणी विचारत नसे. तिनं मान वळवून बघितलं.

“डावीकडे दिलीस?”

“बोलण्याच्या भरात गेली.”

“असू दे. पण आता लगेच उजवीकडे देऊ नकोस. दोन्हीकडची भूल चढली की जीभ गेलीच म्हणून समज.”

“हं,” डॉक्टर म्हणाले आणि रिकामी सुई ट्रेमध्ये ठेवली.

दाढ साफ झाली, औषध भरलं, ठणका गेला. ठणक्याबरोबर ओठ, जीभ, हनुवटी सगळंच गेलं. शिडी आरशात बघत राहिला. त्याचं तोंड जागच्या जागी होतं, पण त्याच्या मालकीचं राहिलं नव्हतं. तो मामाकडे वळून म्हणाला, “आआ, ई ओअऊ अआ?”

“काय?”

“तो म्हणतोय, मामा, मी ओरडू कसा?” बायकोनं सांगितलं. इतक्या वर्षांत तिला ही भाषा यायला लागली होती. बधिर तोंडाचा पेशंट काहीही बरळला तरी ती बरोबर उत्तर द्यायची.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. टीम बचाव करते तेव्हा बाकीच्या चौघांची पाठ आपल्या बास्केटकडे असते. बास्केटखाली उभ्या असलेल्या सेंटरला सगळं मैदान दिसतं. कोण कुठून घुसतोय हे तो ओरडून सांगणार आणि चौघं त्या आवाजावर हलणार. टीमजवळ धड उरलेली अशी ही एकच गोष्ट होती. तिचं तोंड मामानं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

“किती वेळ राहील?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मला काय विचारतोस? तूही शिकलायस ना? दोन-तीन तास तरी.”

डॉक्टरांनी ॲप्रन काढला. “मग मीच ओरडतो.”

“तू?”

“माझ्याशिवाय कुणाला पाठ आहे सगळं? एक मॅच चुकवलेली नाही मी. बास्केटच्या बरोबर मागं बसतो. शिडी, पोरांना सांग, आज माझा आवाज ऐकायचा.”

“आं,” शिडी म्हणाला. त्या ‘आं’मध्ये काय होतं ते मामीला कळलं, पण ते तिनं सांगितलं नाही.

हॉलमध्ये कोचनी शिडीचं लोंबकळतं तोंड बघितलं आणि विचारलं, “काय झालं याला?”

“घसा बसलाय,” डॉक्टर म्हणाले. कोचनी डॉक्टरांकडे बघितलं, शिडीकडे बघितलं आणि शिट्टी तोंडात धरून निघून गेले. पाच मॅच हरलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

मॅच सुरू झाली. “डावीकडे,” डॉक्टर ओरडले, आणि टीम डावीकडे सरकली. “मागे,” म्हटलं, मागे आली. “अडव त्याला,” म्हटलं, अडवला. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. घरात त्यांच्या सांगण्यावरून मिठाची बरणीसुद्धा इकडची तिकडे होत नसे, आणि इथं त्यांच्या एका शब्दावर पाच धिप्पाड पोरं हलत होती. मध्यंतरापर्यंत टीम चक्क पुढे होती. एवढ्या दिवसांत असं झालंच नव्हतं, त्यामुळे आपली माणसं टाळ्या वाजवायच्या ऐवजी फळ्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती.

“बघितलंस?” डॉक्टर शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले.

“बघितलं. पण आता बाजू बदलणार.”

हे डॉक्टरांच्या ध्यानातच नव्हतं. मध्यंतरानंतर टीम दुसऱ्या बास्केटचा बचाव करणार, म्हणजे डॉक्टरांनाही पलीकडे जायला हवं. पलीकडे समोरच्या कॉलेजची माणसं खच्चून भरलेली. सांदीकोपऱ्यात एकच जागा दिसली, एका आजीबाईंच्या शेजारी. आजीबाई स्वेटर विणत होत्या, आणि लोकरीच्या पिशवीनं अर्धा बाक आधीच बळकावलेला होता.

“तो केस बांधलेला माझा नातू,” त्यांनी विणता विणता सांगितलं. “तुमचा कुठला?”

“तो... उंच.”

“तोंड उघडं टाकून उभा आहे तो? सर्दी झाली का त्याला?”

तेवढ्यात खेळ सुरू झाला. आजीबाई नातवाला बघायला पुढे सरसावल्या, त्यांची पिशवी डॉक्टरांच्या मांडीवर आली आणि सुईचं टोक बरगडीत.

“अहो, मागे सरका की जरा,” डॉक्टर कळवळून ओरडले.

अख्खी टीम मागे सरकली. केस बांधलेल्या नातवापुढे मैदान मोकळं झालं. त्यानं सावकाश नेम धरला आणि बॉल टाकला. बास्केट.

“बघितलंत?” आजीबाई म्हणाल्या. “माझ्या हाताखाली वाढलाय.”

“एक नातू सोडा हो,” डॉक्टर चिडून म्हणाले, “बाकी काय आहे तुमच्या टीममध्ये?”

‘सोडा’ एवढंच मैदानात पोचलं. नातवाला धरून उभा असलेला आपला पोरगा गोंधळून बाजूला झाला. पुन्हा बास्केट.

“अरे थांबा, थांबा,” डॉक्टर उठून हातवारे करू लागले, “मी तुम्हाला नाही बोललो.”

टीम थांबली. पाचही जण जागेवर उभे, आणि समोरचे पाच जण त्यांच्यामधून वाट काढत निघाले, बंद दुकानांसमोरून जावं तसे.

आता तोंड उघडायचंच नाही असं डॉक्टरांनी ठरवलं आणि दातांत रुमाल धरला. तर ते आणखी महागात पडलं. आवाज येईना म्हणून पोरं खेळायची सोडून माना वळवून प्रेक्षकांत बघायला लागली. आपल्या बाजूला कोच शिट्टी चावत होते. आपल्या माणसांना मात्र आता हायसं वाटत होतं. ओळखीचं काहीतरी दिसायला लागलं होतं.

तरीही शेवटच्या घटकेला फरक एकाच बास्केटचा राहिला. बॉल मैदानाच्या मधोमध शिडीच्या हातात. समोरच्या बास्केटखाली आपला एक पोरगा अगदी एकटा, हात वर करून उभा. नुसता पास द्यायचा होता. पण डॉक्टरांना त्या क्षणी रुमाल, भूल, आजीबाई सगळ्याचा विसर पडला. आजवर प्रत्येक मॅचला जे बेंबीच्या देठापासून ओरडत आले आणि जे आजवर कुणीही ऐकलं नव्हतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

“टाक, टाक, टाक.”

भाच्यानं मामाचं ऐकलं. तिथूनच टाकला. बॉल फळीच्या वरून, भिंतीवरच्या घड्याळाला टेकून, आपल्याच कोचच्या पायाशी येऊन पडला. शिट्टी झाली.

“होतं असं,” आजीबाई सुया गोळा करत म्हणाल्या. “सर्दीत डोकं जड होतं.”

बाहेरच्या बोळात शिडी भिंतीला टेकून उभा होता. कोच त्याला शांतपणे सांगत होते की उरलेल्या सीझनमध्ये त्यानं बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळाव्यात. शिडी “आं” म्हणत होता. तीन-चारदा ऐकल्यावर डॉक्टरांना राहवेना.

“कोच, त्याची काही चूक नाही. घसा बसलेला नव्हता. भूल मी दिली होती.”

“बरं.”

“दोन्ही बाजूंना.”

“म्हणजे त्याचं तोंड तुम्ही बंद केलंत,” कोच म्हणाले.

“हो.”

“आणि ओरडत होतात तेही तुम्हीच.”

“हो. पण मध्यंतरापर्यंत...”

कोचनी हात वर केला. बराच वेळ ते शिट्टीच्या दोरीला पीळ देत राहिले. मग म्हणाले, “शिडी खेळेल. पण तुम्ही हॉलमध्ये असाल तर तुमचं तोंड बंद पाहिजे.”

“शब्द देतो तुम्हाला.”

“शब्द नकोच आहेत मला,” कोच म्हणाले आणि त्यांनी डॉक्टरांच्या बायकोकडे बघितलं. तिला फोड करून सांगावं लागलं नाही.

“दोन्ही बाजूंना?” तिनं विचारलं.

“दोन्ही.”

“हे बघा, दोन्हीकडे एकदम देणं बरोबर नाही,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. “पुस्तकात स्पष्ट...”

“पोराला चालली ना?” बायको म्हणाली.

पुढच्या मॅचच्या दुपारी डॉक्टर पहिल्यांदाच आपल्या खुर्चीत आडवे झाले. वरचा दिवा डोळ्यांवर आला. बायकोनं सुई भरली, आ करायला सांगितलं, आणि त्यांचा आ पुरता वासल्यावर बोलायला सुरुवात केली. न्हाणीघराच्या गळक्या नळापासून ती सुरू झाली, तिच्या भावाच्या लग्नात हे मॅच बघायला निघून गेले होते तिथं थोडी थांबली, आणि दुसरी सुई टोचेपर्यंत लग्नाच्या पहिल्या वर्षात पोचली. डॉक्टर “आं आं” म्हणत होते.

“पटतंय ना?” ती म्हणाली.

हॉलमध्ये ते तिच्या शेजारी हनुवटीखाली रुमाल धरून बसले. शिडीचं तोंड आता त्याचं त्याला परत मिळालं होतं, आणि तो छान ओरडत होता. मॅच शेवटपर्यंत अटीतटीची चालली. डॉक्टर मनातल्या मनात प्रत्येक वेळी ओरडत होते, आणि टीम प्रत्येक वेळी नेमकं उलट करत होती. शेवटी पुन्हा तोच प्रसंग. शिडी मैदानाच्या मधोमध, बॉल हातात. डॉक्टर ताडकन उभे राहिले.

“आआ, आआ, आआ.”

शेजारच्या गृहस्थांना वाटलं यांना फिट आली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात शिडीनं थांबून इकडे तिकडे बघितलं, बास्केटखालच्या मोकळ्या पोराला पास दिला, आणि टीम जिंकली.

हॉल उठला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. डॉक्टर खाली बसले. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. त्यातलं डोळ्यांचं किती आणि तोंडातलं किती, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं.

घामाघूम झालेला भाचा कठड्यावरून वाकला. त्याचे डोळे चमकत होते. बाकावर बसायचं टळलं होतं.

“मामा, कसा खेळलो?”

डॉक्टरांनी रुमाल बाजूला केला आणि जीव तोडून सांगितलं, “आआआआ अआ ओआ. इऊऊअ आआआआ अआ ओआ.”

भाच्यानं मामीकडे बघितलं. “काय म्हणाला?”

मामीनं सगळं नीट ऐकलं होतं. टाकायला हवा होता. तिथूनच टाकायला हवा होता.

“तुझं कौतुक करतोय,” ती म्हणाली. “म्हणतोय, असाच खेळत राहा.”

डॉक्टर जोरजोरात मान हलवू लागले. पोरगा हसला, मामाचा खांदा दाबून पळाला. बायकोनं रुमालाची घडी उलटी केली, कोरडी बाजू त्यांच्या हनुवटीखाली धरली आणि पर्समधून सीझनचं वेळापत्रक काढलं. पुढची मॅच शनिवारी होती.