सुपडूनाना आणि खाली बघणारी केळी

जळगावच्या पुस्तक प्रदर्शनात सुपडूनानांनी एका चित्रपुस्तकाचा कोपरा चावला, तेव्हा स्टॉलवरच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं. सोबतची बाई म्हणजे लेक नाहीतर सून असणार आणि म्हाताऱ्याला आवरणं तिचं काम, असं त्याला वाटलं असावं. मी चटकन शेजारच्या स्टॉलवरची लोणच्यांची पुस्तकं चाळायला लागले. नानांनी तो कोपरा नीट चघळला, पुस्तक उजेडात धरून दातांची खूण तपासली आणि निकाल दिला, "माल कच्चा शे."

स्टॉलवाल्याला राग यायच्या आत त्यांनी त्याला समजावूनही सांगितलं, "पोरे पह्यले पुस्तक खातस, मंग वाचतस."

ते चावलेलं पुस्तक अर्थातच मला विकत घ्यावं लागलं. आमच्या कपाटात ते अजून आहे आणि मुलं त्याला 'नानांनी खाल्लेलं पुस्तक' म्हणूनच मागतात.

मी पाचोऱ्याला बालवाडी चालवते. साडेतीन-चार वर्षांची पोरं, त्यांचे डबे आणि त्यांची नाकं, हा माझा संसार. नाना माझे शेजारी आणि बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. जन्मभर त्यांनी केळीचा व्यापार केला. बागेत शिरायचं, घडाकडे बघायचं, केळाच्या कडा भरून गोल झाल्यात का ते बोटाने चाचपायचं आणि माल घ्यायचा की नाही ते उभ्या उभ्या सांगून टाकायचं. मुलगा कॉम्प्युटर शिकून बंगलोरला गेला, काकू देवाघरी गेल्या, नानांनी धंदा आवरता घेतला. पण धंदा आवरला म्हणून नजर थोडीच आवरते? मंडळाच्या बैठकीत बालवाडीसाठी चित्रांची पुस्तकं घ्यायचं ठरलं आणि कोण निवडणार असं विचारल्यावर नानांनी हात वर केला. बाकीच्या सभासदांना वाटलं, चला, ब्याद टळली. ती टळून सरळ माझ्या गळ्यात पडली.

नाना पुस्तक आधी हुंगतात. मग अंगठ्याने दाबतात. मग चावतात. मग खांद्याएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकतात आणि शिवण सुटली का बघतात. यातून जे वाचेल ते उघडायचं, आणि तेही उलटं धरून. यामागे त्यांचं शास्त्र आहे. मोठं माणूस पुस्तक मांडीवर घेऊन बसतं आणि पोरं समोर बसतात, म्हणजे पोरांना ते उलटंच दिसणार. तेव्हा उलट्या बाजूनेही बैल हा बैल वाटला पाहिजे. प्रदर्शनात एका कवयित्रीबाईंनी आपलं स्वतःचं बालगीतांचं पुस्तक कौतुकाने नानांच्या हातात दिलं होतं. नानांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि उलटीकडून यातला मोर कढईसारखा दिसतो असं प्रांजळपणे कळवलं. बाई पुन्हा आमच्या बाजूला फिरकल्या नाहीत.

एवढ्या दिव्यातून पार पडलेल्या पुस्तकांची मग आतली तपासणी. कुरणात चरणाऱ्या गाईच्या चित्रावर नाना बराच वेळ बोट ठेवून बसले. "हाई गाय कोनी शे?" मी म्हटलं, नाना, चित्रातली गाय आहे, कुणाची कशाला असेल? त्यांना ते पटलं नाही. गळ्यात दावं नाही, जवळ माणूस नाही, अशी मोकाट गाय बघून पोरांना वळण काय लागणार? गाय नापास. एका सशाने सुरेख निळा सदरा घातला होता. "आंगमा सदरा शे, मंग खाले काबर काही नही?"  ससाही नापास. झोपेच्या गोष्टीतला चंद्र दात काढून हसत होता. असलं तोंड खिडकीत दिसल्यावर कोण झोपेल म्हणून चंद्रही परत गेला.

पण या सगळ्यांना एकवेळ माफी होती. माफी नव्हती ती केळीला.

चित्रं काढणाऱ्या मंडळींनी केळीची बाग पाहिलेली नसते. पाहिली असली तरी गाडीच्या खिडकीतून पाहिलेली असते. त्यामुळे पुस्तकात केळी कायम झुंबरासारखी खाली टोकं करून लोंबतात. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की घड खाली झुकलेला असला तरी त्यातली केळी टोकं वर करून असतात. "केळं वर देखतस, खाले नही," हे नानांचं आयुष्यातलं मुख्य तत्त्वज्ञान. एका पुस्तकात तर नारळासारख्या झाडाला केळी टांगलेली निघाली. त्या दिवशी नाना जेवले नाहीत, असं त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी मला सांगितलं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक, पण पुण्याच्या त्या प्रकाशकांना नानांनी माझ्यासमोर फोन लावला आणि तुमची केळी उलटी लागली आहेत असं सांगितलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाला. तेव्हापासून पुढची आवृत्ती कधी, हे विचारायला नाना दर सोमवारी फोन करतात.

बालवाडीतल्या जुन्या पुस्तकांवर त्यांनी स्वतःच उपाय काढला. गोष्ट सांगताना केळी असलेलं पान आलं की पुस्तक उलटं धरायचं. केळी सुलट होतात. झाडावरचं माकड मात्र डोक्यावर उभं राहतं. त्याचं नानांना काही वाटत नाही, माकडाचा काय भरवसा. पण आमची पोरं माकड म्हटलं की लगेच फरशीवर डोकं टेकून पाय वर करायला लागली आणि एका आईने मला येऊन विचारलं की बाई, तुम्ही हे काय शिकवता.

आता इतक्या छाननीनंतर कपाट भरेल कसं? पावसाळा संपत आला तरी नवं म्हणून आमच्याकडे ते एक चावलेलं पुस्तकच होतं. मंडळाचे लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागले. मी शेवटी चिडून नानांना म्हटलं की, पुस्तकं बालवाडीला हवी आहेत, तुमच्या केळीच्या व्यापाराला नाही.  नानांनी खिशातून मोबाइल काढला आणि मला त्यावर एका पंख्याचा फोटो दाखवला.

तो त्यांच्या मुलाच्या बंगलोरच्या घरातला पंखा होता. नात तिथे असते, इरा नाव. चार वर्षांची. दर रविवारी नाना व्हिडिओ कॉल करतात, मुलगा फोन पोरीच्या हातात देतो, पोरगी तो गादीवर टाकून पळून जाते आणि नाना पंख्याशी बोलत बसतात. पोरीला मराठी येत नाही. हिंदी येतं, इंग्रजी येतं. वर्षाची असताना ती एकदाच पाचोऱ्याला आली होती आणि नानांच्या मिशा बघून तिने जो सूर लावला तो स्टेशनवर परत जाईपर्यंत सोडला नाही. या दिवाळीत ती येणार होती. यावेळी तरी ती पोर आपल्याजवळ बसावी, एवढंच नानांना हवं होतं. बोलायला भाषा नाही, मग मध्ये एखादं चांगलं पुस्तक तरी हवं ना. सगळी छाननी त्या एका पुस्तकासाठी चालली होती आणि आमचं कपाट त्यापायी रिकामं राहिलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, नाना, उद्या धुळ्याला जाऊ.

धुळ्याच्या दुकानात शिरल्यावर दुकानदाराने शिरस्त्याप्रमाणे विचारलं, मुलाचं वय काय?

नाना म्हणाले, "बहात्तर आन चार."

दुकानदार गोंधळला. नानांच्या मते यात गोंधळण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक घेऊन दोन माणसं बसणार, तर वय दोघांचं नको का विचारायला? दुकानदार भला माणूस निघाला. त्याने इंग्रजी पाठ करवणारी चकचकीत पुस्तकं मुकाट्याने मागे सारली आणि शोधून शोधून एक शेळीचं पुस्तक काढलं. त्यात अक्षर एकही नव्हतं. एक शेळी घरात शिरते आणि एकेक वस्तू खात सुटते. आधी टोपी, मग चादर, मग घड्याळ, आणि शेवटच्या पानाचा कोपराच छापणाऱ्यांनी कुरतडल्यासारखा कापलेला. नानांनी तो कोपरा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जणू बाग बघायला गेलेल्या माणसाला फाटकातच भरलेला घड मिळावा. ते पुस्तक त्यांनी चावलंसुद्धा नाही. कुणीतरी आधीच चावून पास केलं होतं.

त्या उत्साहात त्यांनी बालवाडीसाठीही मोठा गठ्ठा उचलला, न हुंगता. कपाट भरलं. मग महिनाभर नानांनी आमच्या पोरांवर शेळीची तालीम केली. टोपी खातानाचं बें-बें वेगळं, घड्याळ खातानाचं वेगळं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तर त्यांनी मिशाच उतरवल्या. गल्लीत दूधवाल्याने त्यांना पाहुणे समजून, नाना घरात आहेत का म्हणून विचारलं.

इरा आली. रिक्षातून उतरून तिने ओट्यावर उभ्या असलेल्या नानांकडे नीट निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, "मूँछवाले नाना किधर हैं?"

म्हणजे पळता पळता का होईना, पोरगी दर रविवारी फोनमधल्या मिशा बघत होती. नानांचा हात नसलेल्या मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. 

पहिला दिवस पोरगी आईच्या ओढणीतून बाहेर आली नाही. नानांनी शेळीचं पुस्तक झोपाळ्यावर ठेवलं, मग तिच्या ताटाशेजारी, मग उंबऱ्यावर. तिने ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड करून अंमळ बें-बेंसुद्धा केलं. सून आतून धावत आली, नानांना ठसका लागला वाटून.

दुसऱ्या दिवशी मी फराळाचं ताट घेऊन गेले तर नाना ओट्यावर एकटेच बसले होते. इरा बाहेर आली. तिच्या हातात तिचं बंगलोरहून आणलेलं पुस्तक होतं, कडा चावून चावून मऊ झालेलं. तिला गोष्ट ऐकायची होती, आई-बाबा झोपले होते, आणि बिनमिशीचा का असेना, हा एक माणूस रिकामा होता. ती नानांना टेकून बसली आणि तिने पुस्तक उघडलं. मी वाकून पाहिलं. पानभर केळी, मध्ये एक माकड. केळी सगळी टोकं खाली करून लोंबलेली.

नानांचे दोन्ही हात पुस्तकाच्या कडांवर गेले. आता हे पुस्तक उलटं करणार, माकड डोक्यावर येणार, पोरगी भोकाड पसरणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. नाना त्या केळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक होतं तसंच धरलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "वा. क्या माल है."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते पुस्तक किती वेळा वाचलं कोण जाणे. शेळी उंबऱ्यावर तशीच पडून होती.

भाऊबीजेनंतर सगळे नानांच्या ओळखीच्या एका केळीच्या बागेत गेले, सुनेने मलाही ओढून नेलं. इरा नानांचं बोट धरून चालत होती. एका घडाखाली ती थांबली. वर पाहिलं, मान वाकडी केली, पुन्हा पाहिलं.

"नाना, ये तो उलटा है."

सुनेने तिला समजवायला तोंड उघडलं. नानांनी हातानेच तिला थांबवलं. ज्या माणसाने पुण्याच्या प्रकाशकाला दर सोमवारी झोपू दिलं नाही, तो माणूस अत्यंत गंभीरपणे त्या घडाकडे बघून म्हणाला, "हां बेटा. झाड चुक गया."

मग त्यांनी पोरीला उचललं, कमरेशी घट्ट धरलं आणि हळूच उलटं केलं. वेण्या खाली लोंबल्या. "अब देख."

"अब सीधा है!" पोरगी खिदळली आणि मग प्रत्येक घडापाशी तिला उलटं व्हायचं होतं. नानांची कंबर पुढे आठ दिवस धरली होती. शेकायला ते गरम विटा मागत होते आणि कुणी विचारलं की माल भारी होता म्हणत होते.

आता मंडळी परत गेली. मी काल गेले तर नाना ओट्यावर बसून इराचं ते पुस्तक बघत होते, सरळ धरून. मिशा थोड्या फुटल्या होत्या. पुस्तक इथेच राहिलं वाटतं, म्हणून मी विचारलं, पोरगी शोधत असेल, कुरिअरने पाठवून देऊ का.

नानांनी पुस्तक मिटलं आणि मांडीखाली सारलं.

"ऱ्हाऊ दे, बाई. ती लेवाले परत येई."