ढोल्याचा पासपोर्ट फोटो

"घर मिळालं, पण कुत्रा चालणार नाही," फोटोवाल्याने दारातच सांगितलं आणि बायकोच्या हातून किल्ली गळून पडली. नव्या घरमालकाने करारात ही अट दोनदा घातली होती, एकदा टाइप करून आणि एकदा स्वतःच्या हाताने लिहून. जुनं घर महिनाअखेर पाडणार होते. बारा वर्षं सोफ्याच्या डाव्या टोकाला ठाण मांडून बसलेल्या ढोल्यासाठी चांगलं घर शोधणं आता भाग होतं.

ढोल्याच्या तोंडावरचे केस पिकले होते, एक कान कायमचा लोंबला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू. फोटोवाल्याने त्याला जड मनाने स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं. तीस वर्षांत त्याने एकही गिऱ्हाईक होतं तसं परत पाठवलं नव्हतं. फोटो काढला आणि तो सुधारायला हात सवयीने चालला. पिकले केस काळे झाले, कान उभा राहिला, डोळा चमकला, पोट आत गेलं. खाली 'प्रेमळ कुत्र्यासाठी प्रेमळ घर हवे' असं लिहून स्टुडिओचा नंबर दिला आणि जाहिरात चौकाचौकांत लावली.

"हा कुणाचा कुत्रा?" जाहिरात पाहून बायको म्हणाली.

"आपलाच की."

तेवढ्यात फोन सुरू झाले. एकाला गोदामावर राखण करायला हवा होता. दुसऱ्याला रोज पहाटे सोबत पळायला.

"पळायला? जिना चढताना दोनदा बसतो तो," असं म्हणून बायकोने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मात्र फोनवर एका गृहस्थांनी विचारलं, तो झोपतो कुठे, ढग गडगडले की घाबरतो का, दूध कोमट लागतं की गार. बायकोचे डोळे भरून आले. तिने पाच वाजता स्टुडिओत यायला सांगितलं.

बरोबर पाचला दार उघडलं. दारात नवे घरमालक उभे होते. अटीची शहानिशा करायला आले, असं वाटून फोटोवाल्याने हाताशी आलेला निळा पडदा ढोल्यावर टाकला. पडदा घोरू लागला.

"कुत्रा बघायला आलोय," घरमालक म्हणाले. "सकाळी फोन केला होता."

"पण तुम्हाला तर कुत्रा चालत नाही," बायकोच्या तोंडून कसंबसं निघालं.

"आमचा गेला दोन वर्षांपूर्वी. दुसऱ्याचा जिन्यात दिसला की पोटात तुटतं. म्हणून ती अट."

फोटोवाल्याने पडदा काढला. घरमालकांनी ढोल्याकडे पाहिलं, हातातल्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा ढोल्याकडे पाहिलं.

"हे त्याचे वडील का?"

"तोच आहे. फोटो जरा साफ केलाय."

"अहो, ही शुद्ध फसवणूक झाली." घरमालक लाल झाले. आता घरही जाणार आणि ढोल्यालाही कुणी नेणार नाही, असं फोटोवाल्याला वाटलं.

बायकोने कपाटातून करार काढून समोर ठेवला. त्यावर घरमालकांचा फोटो होता, मागच्याच आठवड्यात याच स्टुलावर काढलेला. दाट काळे केस, एक सुरकुती नाही. घरमालकांनी तो पाहिला. मग त्यांनी टकलावरून हळूच हात फिरवला.

"कान असाच असतो का याचा?"

"असाच."

ते खाली बसले. ढोल्याने त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली आणि पुन्हा झोपून गेला.

एक तारखेला फोटोवाला वरच्या मजल्यावर राहायला आला आणि ढोल्या तळमजल्यावर घरमालकांकडे. चौथ्या दिवशी दुपारी घरमालक करार घेऊन वर आले.

"कुत्रा ठेवणार नाही, अशी सही केलीय तुम्ही."

ढोल्या सोफ्याच्या डाव्या टोकाला पसरला होता. जिन्यात दोनदा बसत तो रोज वर येत होता. फोटोवाला घाईने उठला.

"नाही म्हणजे, तो आपला आपण येतो. आत्ता खाली सोडतो."

"राहू द्या," म्हणत घरमालक सोफ्याच्या उजव्या टोकाला बसले आणि बूट काढून पाय वर घेतले. "मी तरी एकटा खाली काय करू?"

फोटोवाल्याने करार उलटापालटा करून पाहिला. घरमालक ठेवायचा नाही, असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.