तोंचीची कमी जोराची रॅकेट

"माझ्या हातातच तोफ आहे. रॅकेटने वर आणखी दारू ठासायची गरज नाही," असं तोंची सगळ्या टेनिस क्लबाला ऐकवायचा, आणि ते खोटंही नव्हतं. क्रोएशियातल्या स्प्लिटच्या बंदरावर क्रेन चालवण्यात जन्म घालवलेला हा साठीचा डावखुरा गडी चेंडू असा हाणायचा, की समोरचा आधी डोकं वाचवायचा आणि मग चेंडू शोधायचा. अशा माणसाला त्याची जुनी, जड, लहान तोंडाची रॅकेटच शोभायची. ती पदरचा जोर लावत नसे; चेंडू तेवढा रेषेच्या आत ठेवायची. त्या गुणी रॅकेटवरून जूनमधल्या एका सकाळी खुद्द तोंचीनेच गाडी मागे घेतली. डिकीत कलिंगडं भरताना त्याने ती चाकाला टेकवून ठेवली होती.

क्लबाची अंतिम लढत आठवड्यावर आलेली, तीही फ्रानेशी! फ्राने त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि दरवर्षी करंडक घेऊन जाणारा तोच. तोंचीने घाईघाईने पुतण्याची नवीकोरी, आपणहून जोर लावणारी रॅकेट मागून आणली. पहिल्याच फटक्याला चेंडू कुंपणावरून उडाला आणि पलीकडच्या खानावळीत एका पाहुण्याच्या मासळीच्या रश्शात जाऊन बुडाला. दुसऱ्याने क्लबाच्या अध्यक्षांची टोपी उडवली. शिवाय चेंडू लागला की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा, ते वेगळंच.

तोंचीने तडक खेळाच्या दुकानात फोन लावला. दुकान फ्रानेच्या बहिणीचं. यादरांका पोहण्याच्या टोप्यांपासून सायकलींपर्यंत सगळं विकायची, पण टेनिस तिने जन्मात खेळलेलं नव्हतं. त्यात फोनला खरखर.

"यादरांका, मला आता जोराचं काही सोसत नाही," तोंची ओरडून म्हणाला. "डावा हात खांद्यापर्यंत झिणझिणतो गं. कमी जोराचं काहीतरी बघून ठेव. रविवारपर्यंत निभावलं पाहिजे."

यादरांकाने डोळे पुसले आणि भावाला फोन केला.

संध्याकाळी तोंची दुकानात गेला तर तिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा त्याच्याकडे वळवला. त्याने पाचसहा रॅकेटी वाकवून, ठोकून, आरशासमोर फिरवून पाहिल्या. प्रत्येक फिरवणीला ती "हळू, हळू" म्हणत होती. शेवटी त्याला हवी तशी सापडली: जड, लवचिक, सुस्त. निघताना यादरांकाने त्याला मिठी मारली. गिऱ्हाईक सांभाळावं तर हिनेच, असं त्याला वाटलं.

घरी बायको, नेदिल्का, चक्रावलेली. अध्यक्षांची बायको कोंबडीचं सूप देऊन गेली होती आणि जाताना नेदिल्काचा हात बराच वेळ सोडत नव्हती. अंतिम लढतीचा खेळाडू म्हटल्यावर लोक मान देणारच, असं तोंचीने तिला समजावलं आणि दोन वाट्या सूप ओरपलं.

रविवारी सगळा क्लब लोटला. नव्या रॅकेटने कमालच केली! तोंची जीव खाऊन हाणत होता आणि चेंडू रेषेच्या आत पडत होते. फ्राने मात्र कबुतरांना दाणे टाकावेत तसे चेंडू टाकत होता, आणि दर गुणानंतर पाणी पी, सावलीत बस, असं विनवत होता. तोंचीला वाटलं, रॅकेट बघूनच गड्याचं अवसान गळालं. तो जिंकला. त्याने हर्षाने आरोळी ठोकली, रॅकेटचा मुका घेतला, करंडक उचलून नेदिल्काला कवटाळलं. प्रेक्षकांत काहीजण रडत होते.

फ्राने जाळी ओलांडून आला. त्याने तोंचीला घट्ट मिठी मारली. "हे सुख बघून गेलास तरी मला पुरे," तो म्हणाला. "यादरांकाने सांगितलं सगळं. हृदयाचं."

तोंचीला उलगडा व्हायला क्षणभर लागला, आणि मग तो भडकलाच. "अरे मूर्खा, मी रॅकेटबद्दल बोलत होतो. मी बैलासारखा ठणठणीत आहे."

फ्रानेचा चेहरा उजळला. त्याने टोपी काढली आणि बाह्या वर सारल्या. "ठणठणीत ना? देवाची कृपा. मग चल, अजून भरपूर उजेड आहे. हा खेळ धरायचाच नाही. आता नीट खेळू."

तोंचीने हातातल्या करंडकाकडे पाहिलं. मग तो सावकाश बाकावर टेकला, डोळे मिटले आणि मोकळा हात छातीवर दाबून कण्हू लागला.

नेदिल्का त्याच्या कानाशी वाकली.

"डावीकडे दाब," ती पुटपुटली. "हृदय डावीकडे असतं."