दळवीभाऊजींचं बिनधुराचं तेल

आमच्या समोरचे दळवीभाऊजी एका दुपारी माझ्याकडे तवा मागायला आले. दोन्ही हातांत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आणि बाटल्यांत कसलीकसली काळी-पिवळी तेलं.

"वहिनी, पोळ्यांचा नको. टाकाऊ असेल तो द्या. आणि स्टोव्हही तुमचाच पेटवा."

"काय तळताय?"

"तळत नाही. कुठलं तेल आधी धूर सोडतं ते बघायचंय."

"तुमच्या घरी तवा नाही?"

"नलूला धूर चालत नाही ना."

मी मागच्या दारी स्टोव्ह लावून दिला. भाऊजी उकिडवे बसले आणि तापल्या तव्यावर एकेक थेंब सोडत माणसांची ओळख करून द्यावी तसे बोलू लागले. "हे बघा, लगेच पेटलं. उतावळं आहे. हे बघा, जाडजूड, जागचं हलत नाही. सासरी आलेला जावई. आणि हे... हे बरं आहे. पण अजून खात्री नाही." माझा तवा कामातून गेला.

हे सगळं कशासाठी, तर गवत कापायच्या मशीनसाठी. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मधोमध एक हिरवळ होती. पलीकडच्या तबेल्याचा भैया म्हशींसाठी तिथलं गवत कापून न्यायचा. मग तबेला उठला, तिथे बिल्डिंग झाली, आणि आमचं गवत गुडघ्याला लागलं. त्यात एकदा साप निघाला. आमचा सेक्रेटरी गुप्ते म्हणाला, "लादी घालू आणि स्कूटरी उभ्या करू." काही लोक म्हणाले, आधी कापून तरी बघू. म्हणून पवईच्या कुठल्याशा बंगल्यातलं पेट्रोलवर चालणारं जुनं मशीन आणलं. त्यात कुठलं तेल घालायचं हे ना देणाऱ्याने सांगितलं, ना घेणाऱ्याने विचारलं.

भाऊजी विमा कचेरीतून निवृत्त झालेले. यंत्र म्हणून जन्मात त्यांनी फक्त पंखा पुसला होता, तोही दिवाळीला. पण या मशीनच्या ते हात धुऊन मागे लागले. त्याला कारण होतं. त्यांची बायको नलिनी दम्याने अंथरुणाला लागलेली. तळमजल्याच्या खिडकीशी तिची खाट, आणि खिडकीबाहेर ही हिरवळ. खिडकी लावली की तिला कोंडायचं, उघडी असली की बाहेरचं सगळं आत. लादी झाली तर रोज सकाळी तिच्या उशाशी स्कूटरींना किका बसणार. आणि गवत कापायचं तर हे मशीन तिच्या नाकासमोर धूर ओकणार. म्हणून भाऊजींना बिनधुराचं तेल हवं होतं.

मग काय, दिसेल त्याला विचारायचे. टॅक्सीवाला, पिठाच्या गिरणीवाला, लॉरीचा क्लीनर. प्रत्येकाकडून घोटभर तेल बाटलीत आणायचे, अंगठा आणि बोटात चोळायचे, डोळे मिटायचे. मी डोक्याला खोबरेल लावून बाहेर आले तर म्हणाले, "वहिनी, हे थंडीत गोठतं, बाद." मी म्हटलं, "भाऊजी, ते माझं डोकं आहे, इंजिन नाही."

मरोळच्या एका कारखान्यातला मेस्त्री त्यांना म्हणाला, "काका, तीस नंबर घाला. आपली हवा गरम. पातळ तेल जळतं, फार जाड घातलं तर मशीन सुरू करायला दोरी ओढताना खांदा निखळेल."

"नंबर तुमचा," भाऊजी म्हणाले, "धूर मी बघणार." आणि पुन्हा माझ्या दारात.

तोवर गुप्तेचा धीर सुटला. आमच्याकडे ज्याच्या त्याच्याकडे स्कूटर, आणि स्कूटरला पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. भाऊजी बाजारात गेलेले बघून गुप्तेने डबाभर पेट्रोलमध्ये स्कूटरचं तेल ढवळलं, मशीनमध्ये ओतलं आणि दोरी ओढली.

पांढऱ्या धुराचा लोट उठला. समोरची बिल्डिंग दिसेना. आतून नलिनीचा खोकला ऐकू आला, तो थांबेचना. मी धावले. मागून भाऊजी आले, पिशवी टाकली, अंगातला सदरा काढला आणि बनियनवर खिडकीबाहेर उभे राहून सदऱ्याने धूर हाकलू लागले. कोंबड्या हाकलाव्यात तसे, "हट! हट!" करत. पोरं हसली. मी त्यांना असा दम भरला की पळाली.

"सॉरी काका," गुप्ते म्हणाला. "माझी स्कूटर तर अशीच चालते."

"ही स्कूटर नाही, गाढवा. हे मशीन पेट्रोल वेगळं पितं आणि तेल वेगळं."

"मग लादीच बरी ना काका? रविवारी मीटिंगमध्ये ठरवून टाकू."

"रविवारी मी मशीन चालवतो. धूर दिसला तर घाल लादी." एवढं बोलून भाऊजी आत गेले.

मशीन सुरू झाल्या झाल्या बंद केलं होतं म्हणून वाचलं. भाऊजींनी ते पार रिकामं केलं, धुतलं. साधं पेट्रोल आपल्या जागी, तीस नंबरचं तेल आपल्या जागी, खुणेपर्यंत, वर थेंब नाही. रविवारी सगळे चहाचे कप घेऊन जमले. भाऊजींनी मशीन पार फाटकापाशी नेलं, खिडकीपासून लांब. दोरी ओढली. निळसर धूर निघाला. गुप्तेने माझ्याकडे बघितलं.

"जुनं पोटात राहिलेलं आहे," भाऊजी म्हणाले. "निघू दे."

हळूहळू धूर विरला. मशीन नुसतं घुरघुरत राहिलं.

"झकास, काका!" गुप्ते ओरडला. "लादीचं राहू द्या."

भाऊजींनी अर्धी हिरवळ कापली आणि एकदम मशीन माझ्यापुढे आणलं. "वहिनी, धरा जरा. खिडकीपुढचं तुम्ही कापा."

"मी? नऊवारीत?"

ते केव्हाच आत गेले होते. ज्याने त्याने आपला कप तोंडाला लावला. शेवटी पदर खोचला आणि ढकलत निघाले. लोक हसत होते. हसोत.

खिडकीसमोर आले तेव्हा आत नजर गेली. भाऊजी खाटेवर तिच्या शेजारी आडवे झाले होते. तिच्याच उशीवर डोकं टेकलेलं, तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्यालाही दिसावं म्हणून. चारचौघांत बायकोशी धड न बोलणारा माणूस भर सकाळी, खिडकी सताड उघडी. मध्येच तिच्या छातीकडे बघायचे, श्वास चालतोय ना म्हणून, आणि मग पुन्हा बाहेर.

नलिनीने मला हात केला. दम खात खात म्हणाली, "ताई... वास छान येतोय गं. गवताचा."

मी मान वळवली आणि मशीन पुढे रेटलं. खिडकीपुढे कापायला आता काही उरलं नव्हतं. तरी मी तिथून आणखी एक फेरी मारली.